तुलसीदास बलराम : अम्मुगुड्याच्या वस्तीतून ऑलिंपिकपर्यंत गेलेला हैदराबादी फॉरवर्ड

तुलसीदास बलराम (१९३६–२०२३) हे भारतीय फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या काळातले फॉरवर्ड. मेलबर्न (१९५६) आणि रोम (१९६०) या दोन ऑलिंपिकसाठी ते भारतीय संघात होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं सुवर्णपदक जिंकलं, त्या संघाच्या हल्ल्याची डावी बाजू त्यांच्याकडे होती. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम ही तीन नावं त्या काळात एका दमात घेतली जायची. पहिल्या दोघांची नावं आजही बऱ्याच जणांना माहीत आहेत. तिसरं नाव मात्र ज्या हैदराबादनं घडवलं, तिथंही ते आज सांगावं लागतं.

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरकडून येणारी बस महात्मा गांधी बसस्थानकात लागते आणि बाहेर पडलं की आपण अफझलगंजात असतो. उस्मानिया दवाखाना, स्टेट सेंट्रल लायब्ररी, पलीकडं बेगमबाजार, जांबागेकडं विवेकवर्धिनी. सीमाभागातल्या माणसाला हा परिसर नवा नाही. कुणी पेशंट घेऊन येतो, कुणी दुकानाचा माल भरायला. पण याच टापूच्या आसपास, चादरघाटच्या शाळेपासून फतेह मैदानापर्यंत, एकेकाळी देशातला सगळ्यात चांगला फुटबॉल घडत होता, हे आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक आहे. बलराम त्याच फुटबॉलचं फळ.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव : तुलसीदास बलराम
- जन्म : १९३६, अम्मुगुडा, सिकंदराबाद (तेव्हाचं हैदराबाद संस्थान)
- खेळण्याची जागा : फॉरवर्ड, मुख्यतः डावी बाजू
- प्रमुख संघ : हैदराबाद सिटी पोलीस, ईस्ट बंगाल, बीएनआर (रेल्वे)
- राज्य संघ : हैदराबाद, नंतर बंगाल
- ऑलिंपिक : १९५६ मेलबर्न, १९६० रोम
- आशियाई स्पर्धा : १९५८ टोकियो (चौथा क्रमांक), १९६२ जकार्ता (सुवर्ण)
- पुरस्कार : अर्जुन पुरस्कार, १९६२
- निधन : १६ फेब्रुवारी २०२३, कोलकाता

बालपण आणि पहिले बूट

अम्मुगुडा हे सिकंदराबादच्या छावणीला लागून असलेलं गाव. बलराम यांचं घर तमिळ बोलणारं आणि परिस्थिती हलाखीची. छावणीमुळं आजूबाजूला मैदानं होती, पलटणींचे संघ होते, त्यामुळं पोरांच्या पायाला चेंडू लवकर लागायचा. बूट मात्र परवडायचे नाहीत. पोलिसांनी टाकून दिलेले फाटके बूट चांभाराकडं नेऊन त्यातून फुटबॉलचे बूट करून घेतले आणि त्यासाठी आईकडं दोन रुपये मागितले, ही त्यांच्या लहानपणाची गोष्ट पुढं अनेकदा छापून आली.

बुटांचा विषय तेव्हा साधा नव्हता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतानं युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा मार खाल्ला होता आणि आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट घालून खेळणं सक्तीचं होत गेलं. म्हणजे ज्या वर्षांत हा पोरगा मोठा होत होता, त्याच वर्षांत बूट नसेल तर वरच्या पातळीवर दार बंद, असा नियम येत होता. खेळ पायात असून भागणार नव्हतं.

सुरुवातीला ते आर्मी कॉम्बॅट फोर्सच्या संघात आणि मग रायडर्स क्लबकडून शहरातल्या लीगमध्ये खेळले. तिथं त्यांच्यावर एका माणसाची नजर पडली.

रहीमसाब आणि सायकलचं भाडं

तो माणूस म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशानं शिक्षक. चादरघाट हायस्कूलसह शहरातल्या शाळांमधून त्यांनी शिकवलं. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे आणि भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. अजय देवगणचा 'मैदान' हा २०२४ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

रहीमसाबनी बलरामना संतोष ट्रॉफीच्या शिबिरात यायला सांगितलं. अडचण अशी की अम्मुगुडा ते शहरातलं मैदान हे अंतर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. रोज यायचं कसं? पोरानं सरळ सांगितलं, पैसे नाहीत. तेव्हा रहीमसाबनी भाड्याच्या सायकलसाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि शिबिराला यायला लावलं. बलराम हे आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या कारकिर्दीचं मूळ शोधायचं तर ते या भाड्याच्या सायकलीत आहे.

रहीमसाबची शिकवण्याची पद्धत शिक्षकाची होती. ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे, म्हणजे चेंडू पायाशी धरून न ठेवता लगेच पास द्यायचा. फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धाही व्हायच्या. उजव्या पायाच्या पोरानं डाव्यानंच खेळायचं. त्यामुळं हैदराबादी खेळाडू दोन्ही पायांनी खेळणारा, झटकन पास देणारा आणि गरज पडेल तिथं उभा राहणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. बलराम पुढं डाव्या टोकाला, डाव्या आतल्या जागेवर आणि मध्येही खेळले, त्याचं मूळ या तालमीत आहे.

तेव्हाचं हैदराबाद किती मोठं होतं

आज ऐकून खरं वाटणार नाही, पण १९५० चं दशक हे हैदराबादी फुटबॉलचं दशक होतं. मुंबईच्या कूपरेज मैदानावरची रोव्हर्स कप स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वेळा जिंकली. कोलकात्याचे मोठमोठे क्लब यायचे आणि हैदराबादच्या पोलिसांपुढं हरून जायचे. राज्यांच्या संतोष ट्रॉफीत हैदराबादनं १९५६–५७ आणि १९५७–५८ अशी लागोपाठ दोन वर्षं बाजी मारली आणि दोन्ही अंतिम सामन्यांत समोर मुंबईचा संघ होता. बलराम याच संघातून देशासमोर आले.

इथं सीमाभागातल्या वाचकानं एक तारीख लक्षात घ्यावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपलं. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरकडं, तेलंगण आंध्रकडं. नांदेडमधलं बिचकुंदा-जुक्कल निजामाबादला जोडलं, मुधोळ-भैंसा आदिलाबादला. आपल्याकडं घरं आणि नातीगोती दोन-तीन राज्यांत वाटली गेली ती याच दिवशी. आणि बरोबर त्याच महिन्यात मेलबर्नचं ऑलिंपिक सुरू झालं. भारतीय फुटबॉल संघात अजीज, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन, बलराम अशी हैदराबादची पोरं होती आणि प्रशिक्षक रहीमसाब. ज्या राज्यानं त्यांना घडवलं ते राज्यच नकाशावरून गेलं होतं. संतोष ट्रॉफीत हैदराबाद हे नाव त्यानंतरही काही काळ टिकलं, मग तिथंही आंध्र प्रदेश आलं. सिटी पोलिसांचा संघ आंध्र पोलीस झाला.

मेलबर्न १९५६ : चौथा क्रमांक

हंगेरीनं माघार घेतल्यामुळं पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारतानं ४–२ नं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. हा गोव्यातल्या आसगावचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा सेंटर फॉरवर्ड. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. या विजयानं भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल डिसूझानंच केला, पण सामना ४–१ नं हातचा गेला. कांस्यपदकासाठी बल्गेरियानं ३–० नं हरवलं. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्या संघानं त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध आघाडी घेतली होती, एवढा फरक पडला होता. बलराम तेव्हा जेमतेम विशीत होते.

कोलकाता : ईस्ट बंगालची सहा वर्षं

त्या काळात फुटबॉलवर पोट भरायचं तर कोलकात्याला जावं लागायचं. १९५७ मध्ये बलराम ईस्ट बंगालमध्ये गेले. १९५८ मध्ये क्लबनं आयएफए शील्ड जिंकली, १९६० मध्ये मोहन बागानसोबत ड्युरँड कप वाटून घेतला. राज्याकडून खेळतानाही आता अंगात बंगालची जर्सी होती आणि १९५८–५९ ची संतोष ट्रॉफी त्यांनी बंगालसाठी जिंकली.

सगळ्यात मोठं वर्ष १९६१. बलराम कॅप्टन होते. ईस्ट बंगालनं १९५२ नंतर पहिल्यांदाच कोलकाता लीग जिंकली आणि लीगमध्ये सर्वाधिक २३ गोल बलरामचे होते. त्याच वर्षी आयएफए शील्डही मोहन बागानसोबत संयुक्तपणे मिळाली. ईस्ट बंगालसाठी त्यांच्या नावावर एकूण १०४ गोल सांगितले जातात.

आता एवढे गोल करणारा माणूस भारतीय संघात मध्ये का खेळत नव्हता? कारण तिथं डाव्या आतल्या जागेवर चुनी गोस्वामी होते. उजव्या टोकाला पी. के. मग बलराम डाव्या टोकाला सरकले. तिथून ते खाली येऊन बचावाला मदत करायचे, चेंडू घेऊन वर चढायचे आणि वेळ आली की गोलही करायचे. खाली उतरून संघासाठी राबणाऱ्याचं कौतुक कमी होतं, हे कुठल्याही खेळात दिसतं. जाणकार मात्र तिघांमध्ये सगळ्यात पूर्ण खेळाडू बलराम, असं म्हणायचे.

रोम १९६० : दोन गोल, पदक नाही

रोमच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते.

- २६ ऑगस्ट : हंगेरीविरुद्ध १–२ हार. भारत ०–२ नं मागे असताना बलरामचा गोल. हंगेरीकडून फ्लोरियन आल्बर्टसारखा खेळाडू खेळत होता आणि पुढं त्या संघानं कांस्यपदक जिंकलं.
- २९ ऑगस्ट : फ्रान्सविरुद्ध १–१ बरोबरी. गोल पी. के. बॅनर्जी यांचा.
- १ सप्टेंबर : पेरूविरुद्ध १–३ हार. भारताचा एकमेव गोल बलरामचा.

तीन सामने, भारताचे एकूण तीन गोल आणि त्यातले दोन या अम्मुगुड्याच्या पोराचे. १९६० नंतर भारतीय पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही.

जकार्ता १९६२ : सोन्याची लढाई

जकार्ताला भारताची सुरुवात दक्षिण कोरियाकडून ०–२ हार खाऊन झाली. मग थायलंडला ४–१ आणि जपानला २–० नं हरवलं. या दोन्ही सामन्यांत बलरामनी एकेक गोल केला. जपानवरचा विजय नसता तर पुढची वाट कठीण होती. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३–२ असा निसटता विजय मिळाला.

बाहेरचं वातावरण तापलेलं होतं. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारतीय क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, त्यामुळं तिथले लोक भारतावर चिडले होते. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात सेनायन स्टेडियममध्ये लाखभर लोक भारताच्या विरोधात ओरडत होते.

समोर पुन्हा दक्षिण कोरिया. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगना रहीमसाबनी बचावातून काढून पुढं सेंटर फॉरवर्ड केलं होतं. पी. के. आणि जर्नेल यांच्या गोलांनी भारत २–१ नं जिंकला. त्या सुवर्णसंघात हैदराबादचे युसूफ खान होते, गोव्याच्या कोलवाळचे फोर्च्युनाटो फ्रँको होते आणि डाव्या बाजूला बलराम.

रहीमसाब तेव्हा कर्करोगानं आजारी होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी ते गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेलं नाही.

सत्ताविसाव्या वर्षी शेवट

१९६२ मध्ये बलरामना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६३ मध्ये ते बीएनआरमध्ये गेले. बीएनआर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. रेल्वेचं नाव तोवर बदललं होतं, पण फुटबॉल संघाला लोक जुन्याच नावानं ओळखायचे. तेव्हाच्या खेळाडूला रेल्वेची नोकरी म्हणजे उद्याच्या भाकरीची सोय. क्लबचा पैसा आज असतो, उद्या नसतो.

पण खेळ मात्र तिथंच थांबला. छातीच्या आजारानं त्यांना ग्रासलं आणि डॉक्टरांनी मैदान सोडायला लावलं. वय वर्षं सत्तावीस. फॉरवर्डची खरी वर्षं ज्या वयात सुरू होतात, त्या वयात बलरामची संपली. त्यांच्या एकूण कारकिर्दीकडं बघताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे : दोन ऑलिंपिक, एक आशियाई सुवर्ण आणि शंभरावर गोल हे सगळं साताठ वर्षांतलं आहे.

नंतर त्यांनी मुलांना शिकवलं. लग्न केलं नाही. हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्यात एका फ्लॅटमध्ये ते एकटे राहायचे. हैदराबादला परत आले नाहीत.

कुणाचा बलराम?

चुनी गोस्वामींना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली, पी. के. बॅनर्जींना १९९० मध्ये. बलरामना शेवटपर्यंत मिळाली नाही आणि त्याची खंत त्यांनी लपवली नाही. ज्या क्लबसाठी शंभरावर गोल केले, त्या क्लबशीही त्यांचे संबंध पुढं दुरावले. आपल्या पार्थिवाला तिथं नेऊ नये, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवल्याचं त्यांच्या निधनानंतर वृत्तपत्रांतून आलं. २०२० च्या मार्चमध्ये पी. के. गेले, एप्रिलमध्ये चुनी. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी बलराम गेले आणि त्रिकूट संपलं.

अशा माणसाची दखल कमी का घेतली गेली? एक कारण साधं आहे. मोठ्या पुरस्कारासाठी मागं उभं राहणारं राज्य लागतं. बलराम घरच्या भाषेनं तमिळ, जन्मानं आणि तालमीनं हैदराबादी, कर्तृत्वानं बंगालचे. तमिळनाडूनं त्यांना कधी आपलं म्हणून पाहिलं नाही. बंगालच्या दृष्टीनं ते बाहेरून आलेले. आणि जे हैदराबाद राज्य त्यांचं नाव छातीठोकपणे पुढं करू शकलं असतं, ते १९५६ मध्येच वाटलं गेलं. नंतर तिथं आंध्र आलं, मग तेलंगण. प्रत्येक नव्या सरकारला आपले नवे मानकरी हवे असतात. जुन्या राज्याचा हिशेब कुणी पुढच्या वहीत ओढून घेत नाही.

सीमाभागात हे नव्यानं सांगायची गरज नाही. इकडच्या राज्यात तिकडचा आणि तिकडच्या राज्यात इकडचा ठरणारी माणसं आपल्याकडं प्रत्येक गावात आहेत.

आजचं हैदराबाद आणि फुटबॉल

पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर २०१९ मध्ये त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून त्यांनी इंडियन सुपर लीग जिंकली. वाटलं की शहराला पुन्हा दिवस आले. पण पैशाच्या अडचणींनी क्लब खचला आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवला गेला. ३१ डिसेंबर २०२४ ला गच्चीबावलीत संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना झाला, पण तो बंगाल आणि केरळमध्ये. घरचा संघ त्यात नव्हता.

अफझलगंजच्या जवळच गोशामहलचं पोलीस स्टेडियम आहे. उस्मानिया दवाखान्याची नवी इमारत तिथं बांधायचं ठरलं आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी पायाभरणी झाली. दवाखाना गरजेचा आहे, त्यात वाद नाही. आपल्या भागातले किती पेशंट तिथं येतात हे आपल्याला माहीत आहे. पण मध्यवस्तीतलं एक मैदान कमी झालं, ही नोंदही करून ठेवावी लागते.

बलरामच्या वेळी मैदानं होती, पोलीस आणि रेल्वे खेळाडूला नोकरी देत होते आणि पोराला सायकलचं भाडं देणारा एक मास्तर होता. यातलं एक जरी नसतं तरी अम्मुगुड्याबाहेर हे नाव गेलं नसतं. नांदेड, बिदर, आदिलाबादकडं आजही पायात खेळ असलेली पोरं आहेत. पोरगं दोन दिवस सरावाला आलं नाही, तर ते खेळात कच्चं आहे असं धरून चालू नये. बसचं तिकीट परवडतं का, एवढं आधी विचारावं.

तुमच्या घरात, शेजारी कुणा जुन्या माणसानं फतेह मैदानावर किंवा कूपरेजवर हैदराबाद पोलिसांचा खेळ पाहिला असेल, तर त्यांच्याकडून ते ऐकून लिहून ठेवा. त्या संघाच्या आठवणी आता थोड्याच लोकांकडं उरल्या आहेत.